बारा टोपल्यांचं बिल

बारा टोपल्या, प्रत्येकी १२० रुपये, एकूण १,४४० रुपये. हे पैसे बुरुड मावशींच्या खात्यावर जमा व्हायला ऑक्टोबरचा मार्च झाला. खरं तर 'आमचा बाजार' हा विषय घेऊन आम्ही शाळेत दोन आठवडे काय काय केलं ते लिहायला बसले होते. पण आठवायला लागलं की आधी डोळ्यांपुढे येतं ते पंचायत समितीतलं ते एक टेबल. तेव्हा दोन्ही लिहिते. गावातल्या माणसाकडून शाळेसाठी वस्तू घेणाऱ्या कुणाचे तरी दोन-तीन हेलपाटे वाचले तरी पुष्कळ झालं.

आमची शाळा माणदेशातली, द्विशिक्षकी, पहिली ते चौथी, पट २७. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाचं संयुक्त शाळा अनुदान १०,००० रुपये. त्यातले दहा टक्के स्वच्छतेसाठी राखायचे. राहिलेल्या नऊ हजारांत लाइट बिल, खडू, रजिस्टरं, नळाची तोटी, सगळं आलं. त्यातून अडीच हजार बाजाराच्या साहित्याला काढायचे, असं शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ठरलं. ठरावात 'बारा बांबूच्या टोपल्या' असे शब्द लिहून घेतले होते, ते पुढे फार उपयोगी पडले. नुसतं 'शैक्षणिक साहित्य' असं मोघम कधीही लिहू नका.

तराजू, वजनं, खेळातल्या नोटा, लॅमिनेशन हे सगळं दुकानातून आणलं. छापील बिलं होती, आठवड्यात पैसे गेले. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

गावात मंगळवारी बाजार भरतो. पहिल्या मंगळवारी सगळ्या मुलांना घेऊन गेलो. पहिलीच्यांना एकच काम: पालेभाजी, फळभाजी आणि जमिनीखाली येणारी भाजी यांची तीन-तीन नावं लक्षात ठेवून यायची. चौथीच्यांनी भाव लिहून आणायचे. तिसरीने प्रत्येक विक्रेत्याला विचारायचं, हा माल कुठून आला? परत आल्यावर वर्गातच बाजार मांडला. टोपल्या त्यासाठीच हव्या होत्या. आदल्या वर्षी प्लॅस्टिकचे ट्रे वापरले होते, मुलं त्यांच्या गाड्या करून ढकलत बसली. टोपलीत कांदे ओतले आणि पुढ्यात पोतं अंथरलं की तेच मूल मांडी घालून बसतं आणि "या ताई, या" म्हणायला लागतं.

तिसरीतल्या एका मुलीकडे मी दीड किलो कांदे मागितले. तिने पारड्यात एक किलोचं वजन ठेवलं, अर्धा किलोचं हातात धरलं आणि थांबली. मग म्हणाली, "बाई, साडेएक?" तिचं काहीच चुकलं नव्हतं. साडेतीन, साडेचार म्हणायचं, मग साडेएक का नाही? दीड आणि अडीच हे शब्द मराठीने वेगळेच ठेवलेत, ते कानावर पडल्याशिवाय येत नाहीत. २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात 'एकवीस'साठी 'वीस एक' आलं तेव्हा राज्यभर वाद झाला होता. शब्द कुठलाही असो, वजन हातात असलं की तो लवकर बसतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी तिने पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन असं सगळं स्वतः तोललं. फळ्यावर मी हेच पंधरा दिवस शिकवत होते.

एका आजींनी घरातलं जुनं चिपटं आणि मापटं दिलं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. खाली लुगडं पसरून मुलांनी ज्वारी मापून पाहिली. एका पायलीत सोळा चिपटी भरतात, हे त्यांनीच मोजून काढलं. तुमच्या गावात अशी मापं अजून असतील तर आजच मागून ठेवा, ती मोडीत निघतायत. आणि सुट्ट्या पैशांचा गल्ला एका मुलाकडेच ठेवू नका, रोज बदला. वहीत पन्नासातून पस्तीस वजा न होणारा आमचा एक मुलगा गल्ल्यावर बसल्यावर "पस्तीस, चाळीस, पन्नास, हे घ्या पंधरा" असं न चुकता सुटे देत होता. त्याची वजाबाकी कुठे अडते ते मला तिथे कळलं.

आता टोपल्यांचं.

मावशी बाजारात बसून टोपल्या, सुपं, दुरड्या विणतात. त्यांनी साध्या कागदावर हातपावती दिली, सही केली. मी त्यांना त्याच दिवशी हजार रुपये हातउसने दिले. शाळेचे पैसे खात्यावर आले की ते परत करायचे, असं ठरलं. बिल घेऊन २२ किलोमीटरवर तालुक्याला गेले. त्या टेबलावर पावती उलटीपालटी झाली आणि ऐकायला मिळालं, "मॅडम, हे चालत नाही. पक्कं बिल आणा. जीएसटी नंबर कुठाय?"

टोपल्या विणणाऱ्या बाईकडे जीएसटी नंबर कुठून असणार? आपल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणीच लागत नाही. मी तसं सांगितलं. उत्तर आलं, "लेखी आहे का?" पुढच्या खेपेला छापून नेलं, तर साहेब प्रशिक्षणाला. तिसऱ्या खेपेला जीएसटीचा विषयच नव्हता, पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प नव्हता म्हणून परत. तो पाच हजारांवरच्या पावतीला लागतो, १,४४० ला नाही. पण एका रुपयाच्या तिकिटासाठी वाद घालत बसले तर शेवटची एसटी चुकते. मी तिकीट लावलं. प्रत्येक खेपेला माझे सहकारी एकटे २७ मुलं सांभाळत होते, हे त्या टेबलाला कधी दिसलं नाही, याचा मला अजून राग आहे.

याच काळात एका दुकानदाराने सहज सांगितलं, "मॅडम, कशाला त्रास? मी शैक्षणिक साहित्याचं बिल फाडून देतो." मी नाही म्हणाले. ज्या बाईने बांबू चिरून टोपली विणली तिचं नाव शाळेच्या दप्तरात यायला हवं होतं, दुसऱ्याचं नाही. त्या नकाराचा मला आजही अभिमान वाटतो.

शेवटी एकाच पिनेत सगळं लावून दिलं: समितीच्या ठरावाची प्रत, हातपावती, मावशींच्या आधारची आणि पासबुकाची झेरॉक्स, जडवस्तू (म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीतल्या नोंदीची प्रत, टोपल्यांसह मुलांचा फोटो. तेव्हा "ठीक आहे" आलं. हे पहिल्याच दिवशी असं लावून नेलं असतं तर पुढच्या खेपा वाचल्या असत्या.

पण पैसे रोख देता येत नाहीत. पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी पैसे देण्याच्या ऑनलाइन प्रणालीवर, मावशींची विक्रेता म्हणून नोंद करायची आणि त्यांच्या खात्यावर टाकायचे. नोंद केली, नामंजूर झाली. बँकेत मावशींचं नाव वडिलांच्या नावासह होतं, आधारवर नवऱ्याच्या. "बाई, माझं नाव दोन हाय व्हय?" मावशींनी विचारलं. आणि खात्यावर दोन वर्षांहून जास्त काही व्यवहार नव्हता, म्हणून ते निष्क्रिय. केवायसीसाठी मावशींना शाखेत जावं लागलं आणि त्यांचा एक मंगळवार बुडाला. माझ्या शाळेच्या बिलासाठी त्यांची आठवड्याची कमाई गेली, हे मला फार लागलं. म्हणून सांगते, वस्तू घेण्याआधी विक्रेत्याचं पासबुक बघा. शेवटची नोंद कधीची आहे आणि नाव आधारशी अक्षर न अक्षर जुळतं का, एवढं पाहायला दोन मिनिटं लागतात.

फेब्रुवारीत नोंद मंजूर झाली. पेमेंट अ‍ॅडव्हाइस, म्हणजे पैसे टाकायला सांगणारा बँकेसाठीचा कागद, छापली. तिच्यावर मुख्याध्यापक म्हणून माझी आणि समितीच्या अध्यक्षांची, अशा दोन सह्या लागतात. अध्यक्ष आमच्या चौथीतल्या मुलाचे वडील, मेंढपाळ. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरलेले. येतो येतो म्हणेपर्यंत अ‍ॅडव्हाइसची मुदत संपली. ३१ मार्च डोक्यावर, त्यानंतर हे पैसे खर्चायची मुभाच निघून जाणार. दुसरी छापली आणि रविवारी यजमानांना घेऊन गाडीवर निघाले. फोन लागत नव्हता, वाटेतल्या दोन वस्त्यांवर विचारत गेलो. उसाच्या खोडव्यात मेंढरं बसवली होती. अध्यक्षांनी हात धुतले, धोतराला पुसले, कागद गाडीच्या सीटवर ठेवून सावकाश सही केली आणि विचारलं, "बाई, पोरगं अभ्यास करतंय न्हवं?" दुसऱ्या दिवशी मी कागद बँकेत दिला. तुमचे अध्यक्ष स्थलांतर करणारे असतील तर सगळी देणी दिवाळीच्या आत उरका.

मार्चमधल्या एका मंगळवारी, मधल्या सुट्टीत मावशी शाळेत आल्या. पैसे आले होते. कमरेच्या पिशवीतून त्यांनी शंभराच्या नोटा काढल्या. 'साडेएक'वाली मुलगी शेजारीच उभी होती. तिने त्या दहा नोटा मोजल्या आणि म्हणाली, "मावशी, आता चारशे चाळीस तुमच्याकडे राहिले." मावशी म्हणाल्या, "बराबर हाय." मग कोपऱ्यातली एक टोपली उचलून त्यांनी तळाशी बोट फिरवलं. पिवळसर भुकटी लागली होती. "दमट जागी ठिवू नका बाई, भुंगा लागतोय. उनात घाला." आता दर शनिवारी आम्ही टोपल्या व्हरांड्याच्या पायऱ्यांवर उन्हात ठेवतो. ते काम दुसरीच्या वर्गाकडे आहे.