कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० च्या इंजिनचा आवाज : झाकण उघडण्याआधी

जुन्या मारुती ८०० चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच थोडं वाजणारं. त्यात टकटक वाढली की गॅरेजमध्ये ठरलेलं निदान मिळतं : ‘टॅपेट वाजतायत, सेट करून घ्या.’ म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट (गॅप) वाढली आहे, ती नीट करून घ्या. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण हाच आवाज काढणाऱ्या आणखी चार-पाच जागा आहेत आणि त्या तपासायला फारसा खर्च नाही.

सुरुवात ऑइलपासून. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाचेक मिनिटांनी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) पुसून, पुन्हा घालून बघा. पातळी खालच्या खुणेखाली असेल तर आधी ऑइल भरा आणि मगच पुढचं. गरम इंजिनवर आयडलिंगला ऑइलचा दिवा लुकलुकत असेल आणि खालून जड ठकठक येत असेल, तर तिथेच चावी बंद करून गाडी टो करायची. ‘गॅरेजपर्यंत हळू नेतो’ म्हणणाऱ्यांचे क्रँकशाफ्ट त्या तेवढ्या अंतरात खराब होतात.

आता आवाज नेमका कशाबरोबर बदलतो ते पाहा. न्यूट्रलमध्ये रेस दिल्यावर तो वाढत नसेल तर तो इंजिनचा नाही. चाकाचं बेअरिंग किंवा ड्राइव्ह शाफ्टकडे बघा. क्लच दाबल्यावर सुरू झाला तर रिलीज बेअरिंग. क्लच दाबल्यावर थांबला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. फक्त घाट चढताना, जोर पडल्यावर किणकिण येत असेल तर इग्निशन टायमिंग पुढे गेलंय का, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडतेय का, ते बघा.

मग फॅन बेल्ट (वॉटर पंप आणि अल्टरनेटर फिरवणारा पट्टा) काढून इंजिन अर्धा मिनिट चालवा. त्याहून जास्त नको, कारण वॉटर पंप बंद असतो. आवाज गेला तर दोषी पंप किंवा अल्टरनेटर. इंजिन बंद करून दोन्ही पुली हाताने हलवा. पंपाच्या पुलीला खेळ असेल, खाली कूलंटचा सुकलेला डाग असेल, तर पंप बदलायचा.

आवाज तसाच राहिला तर लांब स्क्रूड्रायव्हर घ्या. टोक इंजिनवर, मूठ कानाच्या पुढच्या हाडाला. ओढणी, सैल बाही लांब ठेवा, कारण इलेक्ट्रिक पंखा न सांगता फिरतो. व्हॉल्व्ह कव्हर (टॅपेटवरचं झाकण), डिस्ट्रिब्युटर (प्लगांना करंट वाटणारा भाग) आणि पेट्रोल पंप, तिन्हीकडे टेकवा; जिथे सगळ्यात मोठा ऐकू येतो, आवाज तिथला. कार्बोरेटरवाल्या मॉडेलचा पेट्रोल पंप कॅमशाफ्टवर चालतो, म्हणून तो टॅपेटच्याच ठेक्यात टकटकतो.

एग्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचं) गॅस्केट फुटलं तरी हुबेहूब टॅपेटसारखा आवाज येतो. फरक इतकाच की इंजिन थंड असताना तो जोरात असतो आणि धातू तापून फुगला की विरतो. जोडाशी काळी काजळी दिसते. चिंधीचा बोळा क्षणभर सायलेन्सरच्या तोंडावर दाबला की गळतीचा फसफसाट वाढतो.

खालची जड ठकठक ओळखायला प्लगच्या वायरी एकेक काढायच्या : इन्सुलेटेड पक्कड वापरून, वायरचं टोक इंजिनच्या धातूला टेकवून. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर ठकठक मंदावते, त्याच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं. टॅपेटच्या आवाजाला याने काही फरक पडत नाही.

इतकं करून टॅपेटच निघाले, तर गॅप पूर्ण थंड इंजिनवर, म्हणजे रात्रभर उभ्या गाडीवर बघायचा. साधारण ०.१५ मिमीच्या आसपास. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. प्लग काढा, चौथ्या गिअरमध्ये गाडी ढकलली की इंजिन सहज फिरतं. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-२. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून त्याच्या दोन्ही व्हॉल्व्हचा गॅप सेट करा, मग क्रँक २४० अंश फिरवून तिसरा, पुन्हा २४० अंशांनी दुसरा. फीलर गेजचं (फट मोजायच्या पात्यांचं) पातं किंचित अडत सरकलं पाहिजे. लॉक नट आवळताना गॅप ठरवणारा स्क्रूही थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर गॅप पुन्हा मोजायचाच. नव्वद टक्के ‘सेट करूनही वाजतंय’ तक्रारी इथल्याच असाव्यात, असा माझा अंदाज.

आवाज अजिबात नको म्हणून गॅप कमी ठेवायला सांगू नका. गरम झाल्यावर एग्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कडेने जळतो, आणि मग हेड उतरवावं लागतं. एलपीजी किंवा सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत हा धोका जास्त. गॅसवर व्हॉल्व्हची सीट (बसायची जागा) झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप आपोआप कमी होत जातो. अशी गाडी हळूहळू शांत होत गेली, सकाळी स्टार्टला त्रास देऊ लागली आणि पिकअप पडला, तर गॅप लगेच मोजा. गॅसवरच्या गाडीला हे काम दर दहा हजार किलोमीटरला करावं.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी एक. आवाज दाबायला जाडसर ऑइल भरून गाडी दाखवतात. म्हणून गाडी सकाळी थंडच बघा, विकणाऱ्याला आधी स्टार्ट करू देऊ नका. मग ती पूर्ण तापवून पुन्हा आयडलिंगला ऐका, कारण तापल्यावर जाड ऑइलही पातळ होतं आणि झिजलेलं बेअरिंग तेव्हा जास्त वाजतं.