जुन्या बुकमार्कांची झाडाझडती

रविवार, रात्री साडेदहा

नव्या संगणकावर जुन्या फायली हलवताना आज बुकमार्कांची एक फाईल हाती लागली. इंटरनेटवर काही चांगले सापडले की त्याचा दुवा जपून ठेवायचा आणि आवडेल अशा माणसाला पाठवायचा, ही सवय मला बरीच वर्षे आहे, आणि 'वाचण्यासारखे' असे नाव दिलेल्या त्या फोल्डरमध्ये अशा दुव्यांची लांबलचक रांग होती. दुपारचे जेवण झाल्यावर मी ते वरून खाली एकेक करून उघडत गेले. पहिल्या चाळीसपैकी सतरा उघडलेच नाहीत.

त्या सतरांमधील एका पानाची हळहळ अजून जात नाही. जुन्या यांत्रिक घड्याळांची दुरुस्ती शिकवणारे ते पान कोणा हौशी कारागिराने स्वतः तयार केले होते. घड्याळ उघडल्यावर निघालेला प्रत्येक स्क्रू तो पांढऱ्या कागदावर ठेवायचा, त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल काढायचा आणि तो कोणत्या भोकातला आहे हे शेजारी बारीक अक्षरात लिहून मगच छायाचित्र घ्यायचा. मला घड्याळदुरुस्तीत काडीचा रस नव्हता, तरीही ते पान मी शेवटपर्यंत वाचले होते, कारण आपल्याला येणारी गोष्ट दुसऱ्याला नीट यावी यासाठी इतका जीव ओतणारा माणूस रोज भेटत नाही. आज त्याच पत्त्यावर सट्टेबाजीच्या जाहिराती आहेत. डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या भाड्याने घेतलेल्या नावाची, मुदत संपली असावी आणि कोणीतरी तो पत्ता उचलला असावा.

मग मी वेबपानांच्या जुन्या प्रती साठवून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनकडे वळले. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था सुरू केली आणि २००१ मध्ये या यंत्राचे दार सर्वांसाठी उघडले. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, तिथे साठवलेल्या पानांचा आकडा एक लाख कोटींवर पोहोचला. तिथल्या प्रत्येक प्रतीच्या पत्त्यात चौदा अंक असतात. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंद असे सलग लिहिलेले ते अंक पाहिले की ही प्रत नेमकी कोणत्या क्षणी घेतली, याची नोंद पत्त्यातच वाचता येते. माझ्या घड्याळवाल्याचा मजकूर तिथे पूर्ण मिळाला. छायाचित्रांपैकी मात्र नऊच उरली आहेत आणि बाकीच्या जागी रिकाम्या चौकटी आहेत. 'आता या स्क्रूची जागा चित्रात पाहा' असे वाक्य आणि त्याखाली रिकामी चौकट, हे आज मी पुन्हा पुन्हा पाहत बसले.

हा अनुभव माझ्या एकटीचा नाही. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. याचे सर्वांत बोलके उदाहरण माझ्या त्याच फोल्डरमध्ये सापडले. ॲलेक्स ट्यू या विद्यार्थ्याने २००५ मध्ये एक पान केले आणि त्यावरील दहा लाख पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे बारीक ठिपके, प्रत्येकी एक डॉलर या दराने जाहिरातदारांना विकले. ते पान आजही तसेच आहे, रंगीबेरंगी आणि डोळ्यांना टोचणारे. हार्वर्डच्या ग्रंथालयातील एका गटाने २०१७ मध्ये त्यावरील २,८१६ दुवे तपासले, तेव्हा ५४७ दुवे पूर्ण मेलेले होते आणि आणखी ४८९ दुवे भलत्याच ठिकाणी किंवा डोमेनविक्रीच्या पानावर नेत होते. पैसे मोजून विकत घेतलेल्या जागेची ही गत झाली, तर फुकट मिळालेल्या जागेवर प्रेमाने उभारलेल्या पानांचे काय होणार? याहूने २००९ मध्ये जिओसिटीज ही फुकट पाने उभारू देणारी सेवा बंद केली तेव्हा सामान्य माणसांनी हाताने रचलेली असंख्य पाने एकाच वेळी गेली. त्यांतील जी वाचली, ती आर्काइव्ह टीमसारख्या स्वयंसेवकांनी बंद होण्याआधीच्या दिवसांत धावपळ करून उतरवून घेतली म्हणून.

मला सलणारी गोष्ट थोडी वेगळी आहे. पान न सापडल्यास सर्व्हर, म्हणजे पाने पुरवणारा संगणक, ४०४ हा आकडा पाठवतो, हे आता सर्वांना ठाऊक आहे. पण सर्व्हरने पाठवायच्या अशा आकड्यांच्या यादीत ४१० असाही एक आकडा आहे. '४०४' एवढेच सांगतो की इथे काही मिळाले नाही. '४१०' सांगतो की इथे पूर्वी काहीतरी होते आणि ते आता कायमचे गेले आहे. वेबची रचना करणाऱ्यांनी निरोपासाठी वेगळा शब्द ठेवला होता, याचे मला फार अप्रूप वाटते. माझ्या सतरा मेलेल्या दुव्यांपैकी एकानेही तो वापरला नाही. काहींनी ४०४ दाखवले, काही पत्त्यांवर सर्व्हरच नव्हता, आणि चार दुव्यांनी तर मला मुकाट्याने मुखपृष्ठावर आणून सोडले. हा शेवटचा प्रकार मला सर्वांत अप्रामाणिक वाटतो, कारण त्यात वाचणाऱ्याला आपलीच काही चूक झाली असे वाटून तो शोधत राहतो.

सगळेच टिकले पाहिजे असे माझे म्हणणे नाही. २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने एका स्पॅनिश नागरिकाच्या प्रकरणात शोधयंत्राला कालबाह्य वैयक्तिक माहितीचे दुवे काढण्याची जबाबदारी घ्यावी लागेल असा निर्णय दिला, आणि तो मला तेव्हाही योग्य वाटला होता. स्वतःचे जुने लेखन मागे घेण्याचा हक्क माणसाला असलाच पाहिजे. मात्र लिहिणाऱ्याने विचार करून पुसणे आणि सेवा परवडत नाही म्हणून कंपनीने लाखोंचे लेखन पुसणे, या दोन गोष्टींना एकच नाव देता येत नाही. मायस्पेस या समाजमाध्यमावर २०१५ पर्यंत चढवलेले बरेचसे संगीत सर्व्हर हलवताना नष्ट झाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले, तेव्हा त्या कलावंतांना कोणी विचारले नव्हते.

निरोप कसा द्यावा, हे केंब्रिज विद्यापीठातील कॉफीच्या भांड्याकडून शिकावे. तिथल्या संगणक प्रयोगशाळेत ट्रोजन रूम नावाच्या खोलीजवळ कॉफीचे यंत्र होते, आणि लांबच्या खोल्यांत बसणारे संशोधक चालत येऊन पाहत तेव्हा भांडे बऱ्याचदा रिकामे असे. म्हणून १९९१ मध्ये त्यांनी त्यावर एक कॅमेरा रोखला आणि १२८ बाय १२८ पिक्सेलचे करडे चित्र आपापल्या पडद्यावर आणले. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर आले आणि जगभरातील अनोळखी माणसे परक्यांच्या कॉफीची पातळी पाहू लागली. २२ ऑगस्ट २००१ रोजी कॅमेरा बंद झाला, तो तारीख आधी जाहीर करून. शेवटच्या चित्रात कळ दाबायला आलेली बोटे दिसतात. ते चित्र आजही पाहता येते, आणि प्रत्येक वेळी पाहताना मला भरून येते.

आजच्या ॲपमध्ये असे काही पाहायला मिळणे अवघड झाले आहे. समोर सरकत जाणाऱ्या पट्टीत सकाळी पाहिलेली गोष्ट संध्याकाळी सापडत नाही, आणि चोवीस तासांत मावळणाऱ्या स्टोरीज तर मुळात तशाच घडवलेल्या आहेत. शिवाय आपण आता दुवा पाठवतच नाही, स्क्रीनशॉट पाठवतो. त्यात पत्ता नसतो, तारीख नसते, लिहिणाऱ्याचे नाव बऱ्याचदा कापलेले असते. चार हात फिरल्यावर ती गोष्ट कोणाची हे कोणालाच सांगता येत नाही. आता कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले उत्तर शोधाच्या निकालांच्या वर येऊन बसते आणि ज्या पानांवरून ते उभे राहिले त्यांच्याकडे पाऊल वळण्याआधीच वाचक परत फिरतो. ज्या पानावर कोणी येत नाही, त्याच्या डोमेनचे पैसे पुढच्या वर्षी भरावेत असे त्याच्या मालकाला का वाटावे? मला या साधनांचा राग नाही, मी ती रोज वापरते. पण घड्याळवाल्यासारखी माणसे लिहिणे सोडून देतील, ही भीती मला खरोखर वाटते.

म्हणून संध्याकाळपासून मी एक काम हाती घेतले आहे. जिवंत असलेले तेवीस दुवे एकेक करून वेबॅक मशीनमध्ये देते आहे, आणि प्रत्येकापुढे पानाचे नाव, लिहिणाऱ्याचे नाव, मी ते पाहिल्याची तारीख आणि आवडण्याचे कारण दोन ओळींत लिहिते आहे. ही दुसरी गोष्ट वाटली होती त्याहून जड निघाली. काही दुवे मी का ठेवले होते हे आठवेना, तेव्हा संपूर्ण लेख पुन्हा वाचावा लागला, आणि दोन लेखांच्या बाबतीत माझे मत तेव्हापेक्षा चक्क उलटे झालेले निघाले. तेही लिहून ठेवले.

एकोणीस दुवे पूर्ण झाले आहेत. विसावा सागरी पक्ष्यांच्या आवाजांचा संग्रह आहे. पानाची प्रत निघाली, पण आवाजाच्या फायली त्यात आलेल्या नाहीत. त्या स्वतःच उतरवून घ्याव्यात का, हे संग्रहकर्त्याला विचारणारे पत्र आत्ताच पाठवले. पानाच्या तळाशी दिलेला त्याचा ईमेल पत्ता अजून चालू आहे असे दिसते, कारण पत्र परत आलेले नाही.