हात टांगायची पिशवी आणि ब्रॅडफर्ड सिटी

हाताचं ऑपरेशन झालं की सूज उतरावी म्हणून हात वर टांगून ठेवतात. त्यासाठी फोमची एक लांब पिशवी असते, त्यात हात कोपरापर्यंत सरकवायचा, पट्टे लावायचे आणि वरचं टोक सलाईनच्या स्टँडला अडकवायचं, बोटांची टोकं मात्र दिसली पाहिजेत कारण नख दाबून सोडल्यावर रक्त परत येतंय का ते सारखं बघावं लागतं. इंग्लंडात प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डला नर्स म्हणून लागल्यापासून माझं हे रोजचंच काम, ब्रॅडफर्ड स्लिंग म्हणतात त्याला.

तर एका नाइट ड्यूटीला सत्तरी ओलांडलेले एक आजोबा होते, मांजर चावलं म्हणून ॲडमिट. हसू नका, मांजराचे दात सुईसारखे असतात, बाहेर बारीकसं भोक दिसतं आणि आत इन्फेक्शन थेट सांध्यात जातं. यांचा हात टम्म सुजलेला, थिएटरमध्ये नेऊन धुऊन काढलेला. मी पट्टे आवळत होते तर म्हणाले, "हे आमच्या क्लबमुळे आलंय बरं का." मला वाटलं भुलीचा अंमल आहे अजून.

मग त्यांनी सांगितलं. ११ मे १९८५, ब्रॅडफर्ड सिटी या त्यांच्या फुटबॉल क्लबचं मैदान व्हॅली परेड, सीझनची शेवटची मॅच, समोर लिंकन सिटी. टीमने तिसरी डिव्हिजन आधीच जिंकलेली, मॅचच्या आधी ट्रॉफी देऊन झालेली, अकरा हजारांवर लोक, पोरंबाळं घेऊन आलेले. हाफटाइमच्या जरा आधी मेन स्टँडच्या एका टोकाला धूर दिसला. आजोबा दुसऱ्या बाजूला कोपवर, म्हणजे उभ्याने मॅच बघायच्या स्टँडवर, यांना वाटलं कुणीतरी स्मोक बॉम्ब टाकला. स्टँड लाकडी, छपरावर डांबराचं फेल्ट, चार-पाच मिनिटांत अख्खा स्टँड पेटला. मागची बरीच दारं बंद होती, तिकडे पळाले त्यातले कित्येक तिथेच सापडले. पुढे मैदानाच्या बाजूला जाळी नव्हती म्हणून बाकीचे उड्या मारून वाचले, त्या काळात हुल्लडबाजीमुळे बऱ्याच मैदानांवर जाळ्या ठोकल्या होत्या, इथे असती तर काय झालं असतं विचारच करवत नाही. ५६ माणसं गेली, त्यातले दोघे लिंकनचे पाठीराखे.

चौकशी झाली तेव्हा निघालं की फळ्यांच्या फटीतून पेटती काडी नाहीतर सिगारेट खाली पडली असणार, आणि खाली वर्षानुवर्षांचा कचरा. १९६८चं वर्तमानपत्र मिळालं त्यात, आणि जुन्या पेन्समधली किंमत छापलेलं शेंगदाण्याचं पाकीट, म्हणजे आपल्याकडे आण्यात किंमत लिहिलेला पुडा सापडावा तसं. कौन्सिलने आदल्या वर्षी क्लबला पत्रही लिहिलेलं, की निष्काळजीपणे टाकलेल्या सिगारेटने आग लागू शकते. आणि बसवायच्या नवीन छपराचं लोखंड मागे कार पार्कमध्ये येऊन पडलेलं! हे ऐकून माझं डोकंच फिरलं, आजोबा मात्र शांतपणे सांगत होते, इतक्या वर्षांत त्यांचं चिडून झालं असेल.

जळालेल्यांत हातांच्या जखमा खूप होत्या, उष्णता वरून येत होती आणि लोकांनी डोकं वाचवायला हात वर धरलेले. डेव्हिड शार्प म्हणून तिथले प्लास्टिक सर्जन, त्यांनी ठिकठिकाणचे सर्जन बोलावून घेतले आणि एवढे सगळे हात वर धरून ठेवायला ही स्लिंग काढली. आजोबांचा शेजारी त्या जळालेल्यांतलाच, भेटायला गेले तेव्हा दोन्ही हात असेच टांगलेले पाहिलेत त्यांनी, म्हणून लगेच ओळखली. पुढे शार्प यांनी युनिव्हर्सिटीत भाजलेल्यांसाठी रिसर्च युनिट काढलं, आणि क्लबचे लोक अजूनही त्यासाठी पैसे जमवतात.

मी नख दाबलं, सोडलं, गुलाबी झालं. जायला निघाले तर यांना आता झोप कुठली. म्हणाले, आमचा क्लब मुळात रग्बीचा, मॅनिंगहॅम नावाचा, १९०३ साली रग्बी सोडून फुटबॉल धरला आणि एकही मॅच खेळायच्या आधी लीगने घेतलं. जर्सीचे रंग तेवढे जुनेच ठेवले. १९११ला एफए कप, म्हणजे इंग्लंडमधली सगळ्यात जुनी कप स्पर्धा, जिंकला, आणि तो नवा कप बनवला होता ब्रॅडफर्डच्याच फॅटोरिनी पेढीने, म्हणजे घरचा कप घरी. फायनलचा एकमेव गोल कॅप्टन जिमी स्पीअर्सचा, तो १९१७मध्ये महायुद्धात मारला गेला. मग १९२२ला सगळ्यात वरच्या डिव्हिजनमधून खाली आले ते परत वर जायला १९९९ उजाडलं.

प्रीमियर लीग, म्हणजे हीच सगळ्यात वरची पातळी, म्हटल्यावर मात्र आजोबांचा आवाज चढला. दोन सीझन टिकले, त्यात बेनितो कार्बोने या इटालियन खेळाडूसारख्यांना आठवड्याला चाळीस हजार पौंड पगार, खाली पडले आणि २००२ला क्लब दिवाळखोरीत, २००७पर्यंत थेट चौथ्या पातळीवर. आगीबद्दल बोलताना एकदाही न चढलेला माणूस कार्बोनेच्या पगारावर असा तापला की शेजारच्या बेडवरून शुक शुक झालं. मी म्हटलं काका, बीपी घ्यायचंय अजून, जरा दम धरा. तर म्हणे चौथ्या पातळीवरून २०१३ला लीग कप या दुसऱ्या मोठ्या कप स्पर्धेची फायनल गाठली होती आम्ही, आर्सेनलला हरवून, ते लिहून घे चार्टवर. तेवढ्यात सहा नंबरची बेल वाजली, त्यामुळे स्वान्सीने फायनलला पाच गोल कसे घातले ते मला पहाटेच्या अँटिबायोटिकच्या वेळेला ऐकावं लागलं.