बर्फ किती ते सगळे विचारतात, मीठ कुठे गेलं ते कुणी विचारत नाही

अंटार्क्टिकाच्या समुद्रातल्या बर्फाची बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला, यंदा किती कमी झाला? २०२३ च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे तिकडचा हिवाळा सरत असताना, बर्फ कसाबसा १७० लाख चौरस किलोमीटरपर्यंत पोचला. हिवाळ्यातल्या कमाल विस्ताराचा उपग्रहांच्या नोंदीतला आधीचा नीचांक १९८६ चा, त्याच्याही साधारण १० लाखांनी खाली, आणि मग सगळीकडे तोच एक ग्राफ फिरत होता. ग्राफ महत्त्वाचा आहेच. पण मी हवामान-समुद्राच्या कॉम्प्युटर मॉडेलचं आउटपुट उघडते तेव्हा आधी क्षारता, म्हणजे पाण्यात मीठ किती ते, बघते, बर्फाचा नकाशा नंतर, आणि असं का ते आज जरा सविस्तर लिहायचंय.

समुद्राचं पाणी साधारण उणे १.८ अंशाला गोठतं आणि गोठताना मीठ बाहेर टाकतं. हिशोब करून बघा. एक चौरस मीटरवर एक मीटर जाड बर्फ म्हणजे ९०० किलोच्या आसपास, तेवढ्या पाण्यात मीठ धरा ३० किलो, त्यातलं चार-पाच किलो बर्फात अडकून राहतं आणि बाकीचं २५ किलो खालच्या पाण्यात जातं. ते पाणी जड होतं आणि बुडतं. आता बर्फ जिथे झाला तिथेच वितळला असता तर जमाखर्च तिथल्या तिथे मिटला असता, पण तो थांबतो कुठे, वारा आणि प्रवाह त्याला उत्तरेकडे शेकडो किलोमीटर घेऊन जातात आणि तिथे वितळला की जवळजवळ गोडं पाणी सोडतो. म्हणजे किनाऱ्याशी मीठ मागे राहतं आणि गोडं पाणी लांब जातं, दरवर्षी.

म्हणून बर्फाच्या मॉडेलमध्ये नुसतं गोठणं-वितळणं घालून भागत नाही, तो सरकतो कसा हे पण लिहावं लागतं. नॉर्वेच्या नान्सेनने १८९३ ते ९६ मध्ये फ्राम जहाजावरच्या उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेत पाहिलं होतं की बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ जात नाही, २० ते ४० अंश उजवीकडे जातो. त्याचं गणित नंतर स्वीडनच्या एकमन या शास्त्रज्ञाने मांडलं, दक्षिण गोलार्धात हेच डावीकडे. पण बर्फाचे तुकडे एकमेकांना अडवतात सुद्धा, आणि ते मॉडेलमध्ये कसं आणायचं याचा रस्ता हिब्लर या शास्त्रज्ञाने १९७९ मध्ये दाखवला, बर्फ दाबला तर एका मर्यादेपर्यंत टिकतो, मग मोडून एकमेकांवर चढतो, ताणलं तर सहज फाटतो. १९९७ मध्ये हंके आणि ड्युकोविचने ते गणित मोठ्या कॉम्प्युटरवर भराभर सुटेल अशा रूपात आणलं. आजची कितीतरी मॉडेलं याच वाटेने चालतात, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं अर्थ सिस्टीम मॉडेलपण.

आता खरी गंमत किनाऱ्यावर आहे. अंटार्क्टिकाच्या पठारावरून थंड जड हवा उताराने धावत खाली येते आणि नुकता धरलेला बर्फ समुद्रात ढकलून देते. उघडं पाणी पुन्हा गोठतं, पुन्हा ढकललं जातं, तव्यावरचा घावन उतरवला की लगेच दुसरा घालावा तसं सगळा हिवाळा चालू. अशा उघड्या जागेला पॉलिनिया म्हणतात. दर थराला मीठ खाली, आणि ते खारट जड पाणी उतारावरून घसरत समुद्राच्या तळाशी जाऊन जगभर पसरतं. आपल्या अरबी समुद्राच्या खोल तळाशी जे थंड पाणी आहे त्याचं मूळसुद्धा तिकडेच. पूर्व अंटार्क्टिकातली केप डार्नलीची पॉलिनिया अशा पाण्याचा मोठा स्रोत आहे हे तर २०१३ मध्ये कळलं, आणि त्यासाठीची मोजमापं काही अंशी हत्ती सीलच्या डोक्यावर बसवलेल्या सेन्सरनी केली होती! भारताचं भारती स्टेशन प्रिड्झ बे च्या काठावर आहे, केप डार्नली त्याच बे च्या पश्चिम टोकाला. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, कारण हा विषय आपल्या दाराशी आहे.

आणि नेमकं इथेच मॉडेल अडखळतं. मॉडेल समुद्राचे चौकोन पाडून हिशोब करतं, आणि जागतिक मॉडेलमधला असा एक चौकोन बऱ्याचदा १०० किलोमीटरच्या आसपास असतो, पॉलिनिया त्याहून कितीतरी अरुंद, आणि उतारावरून घसरणारं पाणी तर एक पातळ थर. मॉडेलमधला समुद्रतळ पायऱ्या-पायऱ्यांचा असतो, प्रत्येक पायरीवर ते पाणी आजूबाजूच्या पाण्यात मिसळतं आणि खाली पोचेपर्यंत जडपणाच संपतो. मग तळाचं पाणी येतं कुठून? बऱ्याच मॉडेलांत ते भर समुद्रातून येतं, अंटार्क्टिकाला लागून असलेल्या वेडेल समुद्राच्या मधोमध बर्फात मोठं भगदाड पडतं आणि वरचं पाणी थेट खाली जातं. असं भगदाड खऱ्या जगात दिसलंय, १९७४ ते ७६ च्या हिवाळ्यांत, सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटर, आपल्या महाराष्ट्राहून थोडंसंच लहान. नंतर २०१७ मध्ये मॉड राइज या समुद्राखालच्या उंचवट्याजवळ बरंच छोटं. मॉडेलांत मात्र ते वारंवार पडतं.

मला हे सगळ्यात जास्त टोचतं. तळाच्या पाण्याचे आकडे ठीकठाक दिसतात पण रस्ता चुकीचा असतो. उद्या पाऊस वाढला, हिमनद्यांचं पाणी आलं, समुद्राचा वरचा थर गोडा झाला की मॉडेलमधलं ते भगदाड बुजतं आणि तळाचं पाणी बनणं थांबतं. खऱ्या जगात निर्णय किनाऱ्यावर होणार, तिथला वारा आणि तिथलं वितळणारं पाणी ठरवणार. दोन्हीकडे शेवट तळाचं पाणी कमी बनण्यातच झाला तरी किती कमी आणि कधी, यात फरक पडणारच.

शिवाय १९७९ पासून २०१४ पर्यंत अंटार्क्टिकाचा बर्फ हळूहळू वाढत होता तेव्हा बहुतेक मॉडेलं तो घटताना दाखवत होती. पुढे बर्फ अचानक घसरला, आणि उपग्रहांच्या मोजमापात साधारण २०१५ नंतर दक्षिण महासागराचा पृष्ठभाग जास्त खारट होताना दिसतोय. वर खारट पाणी असलं की ते खालच्या थोड्या उबदार पाण्यात सहज मिसळतं, ती ऊब वर येते आणि बर्फ नीट धरत नाही. म्हणजे परत मीठच.

बारीक चौकोनांची मॉडेलं येतायत, त्यांत हा उतारावरचा प्रवाह बराच बरा दिसतो, पण शंभर वर्षांचं रन करायला मशीनचा वेळ प्रचंड लागतो. तोवर माझं एवढंच म्हणणं आहे, जो कुणी मॉडेलमधल्या बर्फाचा नकाशा दाखवेल त्याने शेजारी किनाऱ्यावरच्या उथळ भागातली क्षारता पण दाखवावी, आणि प्रिड्झ बे मध्ये आपली उपकरणं हिवाळाभर पाण्यात राहतील अशी सोय व्हावी, कारण मीठ खाली जातं ते हिवाळ्यात आणि जहाजं जातात उन्हाळ्यात.