सिंगापूरची क्रूझ आणि बिलातली ‘ग्रॅच्युइटी’

ग्रॅच्युइटी म्हटलं की आपल्याकडे निवृत्ती आठवते. पाच वर्षांची सलग नोकरी आणि निरोपसमारंभानंतर हातात पडणारा चेक. त्यामुळे क्रूझच्या कोटेशनमध्ये ‘पोर्ट चार्जेस आणि ग्रॅच्युइटी’ अशी ओळ दिसली की घरातली वडीलधारी मंडळी हमखास विचारतात, ही कोणाची ग्रॅच्युइटी आणि ती आपण का भरायची? जहाजावर या शब्दाचा अर्थ कर्मचाऱ्यांची टिप एवढाच. ती माणशी, दर दिवसाच्या हिशेबाने आधीच ठरलेली असते.

आमचा मार्ग मराठी पर्यटकांच्या चांगल्या ओळखीचा आहे: सिंगापूरचं मरिना बे क्रूझ सेंटर, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. चार रात्री. टिपेचा हिशेब मात्र जहाजावर पाय ठेवण्याच्या कितीतरी आधी, घरी बसूनच सुरू होतो.

बुकिंगच्या कागदावर तीनपैकी एक प्रकार असतो. टिप भाड्यातच मुरलेली असते, किंवा वेगळी ओळ दाखवून आधीच घेतलेली असते, नाहीतर जहाजावर रोज तुमच्या खात्यात चढणार असते. अमेरिकी कंपन्यांच्या मोठ्या जहाजांवर साध्या केबिनसाठी हा आकडा माणशी दिवसाला १६ ते २० डॉलरच्या आसपास असतो, स्वीटसाठी, म्हणजे मोठ्या आलिशान केबिनसाठी, जास्त. १८.५० डॉलर धरा. चौघांचं कुटुंब, चार रात्री: २९६ डॉलर. डॉलर ८५ रुपयांना धरला तर २५,१६० रुपये. ‘तिसरा-चौथा प्रवासी जवळपास फुकट’ या जाहिरातीला भुलून एकाच केबिनमध्ये आजी-आजोबा किंवा मुलं घेतली, तरी टिप प्रत्येक डोक्यामागे पूर्ण लागते. स्वस्त बुकिंग शेवटी महाग का पडलं, याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं. काही कंपन्या दोन किंवा तीन वर्षांखालच्या बाळाला सूट देतात, काही देत नाहीत. हे बुकिंगच्या आधीच विचारून घ्यावं.

टूर कंपनीकडून जाणाऱ्यांनी एक प्रश्न लेखी विचारावा: ‘टिप्स समाविष्ट’ म्हणजे जहाजाची दैनिक ग्रॅच्युइटी धरून, की फक्त जमिनीवरचे गाइड आणि ड्रायव्हर? दोन्ही एकाच शब्दात गुंडाळले जातात आणि पहिल्या रात्री जहाजाच्या अ‍ॅपवर डॉलर चढायला लागले की घोटाळा कळतो. कधी एजंटने पैसे भरलेले असतात, पण ते बुकिंगला जोडलेले नसतात. अशा वेळी कन्फर्मेशनची छापील प्रत घेऊन पहिल्याच संध्याकाळी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जायचं. शेवटच्या सकाळी तिथे शे-दीडशे लोकांची रांग असते. आगाऊ भरण्याचा आणखी एक फायदा आहे. मधल्या काळात दर वाढला, तरी आधी भरणाऱ्यांना बहुतेक कंपन्या फरक मागत नाहीत.

ही पद्धत आली कशी हे कळलं की पुढचं बरंच सोपं होतं. पूर्वी शेवटच्या रात्री पाकिटं वाटायची रीत होती. एक केबिनवाल्याला, एक वेटरला, एक त्याच्या मदतनिसाला, एक हेड वेटरला. तेव्हा टेबल ठरलेलं असायचं आणि वेटर रोज तोच. २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ‘फ्रीस्टाइल’ म्हणजे हव्या त्या वेळी, हव्या त्या जागी जेवण सुरू केलं, बाकीच्यांनीही हळूहळू तसे पर्याय दिले, आणि पाकीट कोणाला द्यायचं हाच प्रश्न झाला. रोजच्या ठरावीक रकमेने तो सुटला. ती एकत्र जमा होते आणि वाटली जाते: केबिन, डायनिंग हॉल, शिवाय कंपनीनुसार भटारखाना, लाँड्री, भांडी घासणारे. म्हणजे ज्यांचं तोंड तुम्हाला चार दिवसांत एकदाही दिसत नाही, असेही लोक. डिस्ने मात्र अजून जुनी गंमत टिकवून आहे. पैसे खात्यातून जातात आणि छापील चिठ्ठ्या पाकिटात घालून ज्याच्या त्याच्या हातात द्यायच्या.

मरिना बेला बॅगा देताना टिप द्यायची गरज नाही. सिंगापूरमध्ये टिपेची अपेक्षा फारशी नसते, हॉटेलच्या बिलात १० टक्के सेवाशुल्क आधीच असतं. मायामीसारख्या अमेरिकी बंदरात गोष्ट वेगळी. तिथले हमाल बंदराचे, जहाजाचे नव्हेत, त्यामुळे तुमच्या ग्रॅच्युइटीतला एक सेंटही त्यांच्याकडे जात नाही. तिथे बॅगेमागे एक-दोन डॉलर द्यायची रीत आहे.

चेक-इनला जहाजाच्या खात्याला कार्ड जोडावं लागतं. इथे आपल्याकडच्या फॉरेक्स कार्डवाल्यांची फसगत होते. जहाज रोजच्या खर्चाएवढी किंवा त्याहून जास्त रक्कम अडकवून ठेवतं आणि ती मोकळी व्हायला कधी कधी दोन-दोन आठवडे जातात. कार्डात ६०० डॉलर आणि रोजची ग्रॅच्युइटी खात्यावर पडणारी असली, तर तिसऱ्या दिवशी फुकेतच्या बाजारात कार्ड ‘नाही’ म्हणतं. खात्याला क्रेडिट कार्ड जोडावं किंवा रोख डिपॉझिट भरावं, आणि फॉरेक्स कार्ड जमिनीसाठी राखून ठेवावं.

केबिनमध्ये शिरल्यावर थोड्या वेळात केबिन अटेंडंट येऊन ओळख करून देतो. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव आणि देश असतो: फिलिपिन्स, इंडोनेशिया, भारत. गोव्याचा किंवा मुंबईचा कोणी भेटणंही नवलाचं नाही. पिढ्यान् पिढ्या बोटीवर जाणाऱ्या गोवेकरांना कोकणीत तारवटी म्हणतात, आणि ब्रिटिश बोटींच्या काळापासून स्वयंपाकघर आणि केबिन ही त्यांची ठरलेली खाती. गप्पा जरूर माराव्यात, फक्त ‘पगार किती मिळतो?’ हा आपला आवडता प्रश्न गिळावा. सहा ते नऊ महिन्यांचा करार, सुट्टीचा वार नाही, झोपायला दोघा-चौघांत एक खोली. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराप्रमाणे २४ तासांत १४ आणि आठवड्याला ७२ तास ही कामाची वरची मर्यादा आहे, यावरून दिवस केवढा असतो याची कल्पना यावी. तुमची ग्रॅच्युइटी ही या लोकांच्या कमाईचाच भाग असते. वरकड बक्षिसी म्हणून तिच्याकडे पाहिलं की सगळं गणित चुकतं.

मग वर काही द्यायचं का? सक्ती मुळीच नाही, आणि कोणी हात पुढे करून उभं राहत नाही. पण चौघांच्या केबिनमध्ये अटेंडंट रोज रात्री सोफ्याचा पलंग करतो, सकाळी मोडतो, जादा उशा आणतो, औषधांसाठी छोटा फ्रिज रिकामा करून देतो. असं काम असेल तर चार रात्रींना १० ते २० डॉलर योग्य वाटतात. त्यातले पाच पहिल्याच दिवशी, काय काय लागणार ते सांगताना द्यावेत. उरलेले शेवटून दुसऱ्या दिवशी हातात द्यावेत. शेवटच्या सकाळी तो दहा केबिनी उपसत असतो, भेटेलच असं नाही. उशीवर नोट ठेवून निघू नये. ती विसरलेली की दिलेली हे त्याला कळत नाही. सोबत ‘थँक यू’ची चिठ्ठी आणि केबिन नंबर हवा.

जेवणाच्या हॉलमध्ये आपल्या मंडळींचं काम इतरांपेक्षा जास्त असतं, हे मान्य करायला हवं. जैन जेवण, कांदा-लसूण वर्ज्य, एकादशीला साबुदाणा नाही तर निदान बटाटा, आणि अंडं नसलेला केक. या मागण्या बुकिंगच्या वेळीच नोंदवाव्यात आणि पहिल्या रात्री हेड वेटरला पुन्हा सांगाव्यात. तो आदल्या रात्रीच दुसऱ्या दिवसाची ऑर्डर लिहून घेतो आणि भटारखान्यात पोचवतो. वरची टिप जर कोणाला द्यायचीच असेल तर या माणसाला, आणि पाणी, दही, लोणचं अशी धावाधाव करणाऱ्या मदतनीस वेटरला. पाच-दहा डॉलर पुरेत. बुफेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला एकेक डॉलर वाटत फिरू नये. ते कर्मचाऱ्यांनाही अवघड वाटतं.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते बारवर. १४ डॉलरचं कॉकटेल घेतलं की १८ टक्के आपोआप लागतात: २.५२ डॉलर, एकूण १६.५२. काही कंपन्या २० टक्के घेतात, युरोपातल्या काहींचा दर १५ असतो. सहीसाठी चिठ्ठी समोर येते आणि तिच्यावर आणखी एक रिकामी ओळ असते, ‘जादा टिप’. रिकामी ओळ दिसली की ती भरायची, या शाळेतल्या सवयीने लोक तिथे २० टक्के लिहितात, म्हणजे २.८० डॉलर, आणि तेच कॉकटेल १९.३२ ला पडतं. त्या ओळीवर आडवी रेघ मारायची, खाली एकूण रक्कम स्वतः लिहायची आणि सही करायची. यात लाजण्यासारखं काही नाही. ड्रिंक पॅकेजचंही तसंच. दिवसाला ७० डॉलर अशी पाटी असेल, तर १८ टक्के धरून ८२.६० होतात, चार दिवसांचे ३३०.४०. ते एकदा भरले की प्रत्येक ग्लासामागे पुन्हा टिप लागत नाही. वेगळे पैसे घेणाऱ्या रेस्टॉरंटमध्येही बहुधा टक्केवारी आधीच लागलेली असते. स्पामध्येही तेच, तिथले कर्मचारी अनेकदा वेगळ्या कंपनीचे असतात आणि त्यांचा हिस्सा दैनिक ग्रॅच्युइटीत नसतो. रूम सर्व्हिसला मात्र बिल नीट वाचावं. शुल्क लागलं असलं तरी त्यात टिप आहेच असं नाही. नसेल तर मध्यरात्री चहा घेऊन येणाऱ्याला एक-दोन डॉलर हातात द्यावेत. कॅप्टन, अधिकारी, डॉक्टर, सुरक्षारक्षक आणि गेस्ट सर्व्हिसेसची माणसं यांना टिप देत नाहीत.

नोटांची तयारी मुंबईतूनच करावी. मनी चेंजरकडे १०० च्या नोटा सहज मिळतात. एक आणि पाच डॉलरच्या आधी सांगून ठेवाव्या लागतात. नाणी कोणाला देऊ नयेत, कारण परदेशी नाणी पुढे बदलून मिळत नाहीत. फाटकी किंवा पेनाने लिहिलेली डॉलरची नोटही नको. जहाजाचं चलन कोणतं हे पाहावं. सिंगापूरहून निघणाऱ्या काही जहाजांवर अमेरिकी डॉलर चालतो, काहींवर सिंगापूर डॉलर. भारतीय कर्मचाऱ्याला रुपये दिले तर तो नाकारणार नाही, पण घरी जाईपर्यंत ते त्याच्या पेटीतच राहणार.

पेनांग आणि फुकेतला उतरलं की जहाजाची ग्रॅच्युइटी संपते. सहलीच्या बसचा ड्रायव्हर आणि गाइड त्यात धरलेले नाहीत, सहल जहाजाकडूनच घेतली असली तरी. मलेशियात टिपेची सक्त अपेक्षा नसते. पेनांगच्या जॉर्ज टाउनमधल्या सायकलरिक्षाचं भाडं मात्र बसण्याआधी ठरवावं. फुकेतला मोठं जहाज पातोंग बीचसमोर समुद्रात उभं राहतं आणि छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात. त्या बोटीवर टिप नाही. दिवसभर फिरवणाऱ्या ड्रायव्हरला शंभरेक बाट द्यायला हरकत नाही.

भाड्यातच सगळं धरणाऱ्या कंपन्यांकडे हा हिशेब आणखी हलका होतो. रीजंट, सीबोर्न आणि सिल्व्हरसीसारख्या महागड्या जहाजांवर टिप भाड्यातच असते. ब्रिटनच्या पी अँड ओने २०१९ पासून रोजचा आकार वेगळा लावणं बंद केलं. अशा जहाजांवर पाकीट न काढणं हा कंजूषपणा ठरत नाही.

आता वादाचा मुद्दा. बहुतेक अमेरिकी कंपन्यांत काउंटरवर जाऊन दैनिक ग्रॅच्युइटी कमी करता येते, काढताही येते. आपल्या प्रवाशांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ही युक्ती हटकून फिरते: ‘सगळी काढून टाका आणि आवडलेल्या माणसाला रोख द्या.’ आम्हाला ती वाईट वाटते, आणि कारण नुसतं भावनेचं नाही. काढलेल्या रकमेत लाँड्रीवाल्याचा आणि भांडी घासणाऱ्याचाही वाटा असतो. शिवाय काही कंपन्यांत असा नियम आहे की ज्या प्रवाशाने ग्रॅच्युइटी काढली, त्याच्याकडून मिळालेली रोख कर्मचाऱ्याने सामायिक खात्यात जमा करायची. म्हणजे तुम्ही ज्याला मोठ्या मनाने वीस डॉलर दिले, त्याच्या हातात ते राहतीलच असं नाही. सेवा खरोखर खराब असेल तर दुसऱ्याच दिवशी तक्रार करावी, म्हणजे उरलेले दिवस तरी बरे जातात.

टिपेशिवाय एक गोष्ट आहे जी फुकट आहे. उतरल्यावर ई-मेलवर सर्व्हे येतो. त्यात बिल्ल्यावरचं नाव, विभाग आणि त्याने नेमकं काय केलं ते लिहावं. कौतुकात नाव आलं की त्याची नोंद वरिष्ठांकडे जाते. बिल्ल्याचा फोटो विचारून काढून ठेवला की स्पेलिंग चुकत नाही.

शेवटच्या संध्याकाळी अ‍ॅपवर खातं उघडून प्रत्येक ओळ पाहावी: ग्रॅच्युइटी दिवसागणिक बरोबर आहे ना, आगाऊ भरलेली पुन्हा तर लागली नाही ना. खात्यात परत न मिळणारं ऑनबोर्ड क्रेडिट (जहाजावरच खर्चायला खात्यात दिलेली रक्कम) उरलं असेल तर ते ग्रॅच्युइटीकडे वळवता येतं का हे काउंटरवर विचारावं, नाहीतर ते जहाजावरच बुडतं. अंतिम बिलाची पीडीएफ उतरण्याआधी फोनमध्ये घ्यावी, कारण जहाजाचं वायफाय सुटलं की अ‍ॅपमधलं खातं बऱ्याचदा उघडत नाही, आणि कार्डावर अडकलेली रक्कम बँकेकडून सोडवून घेताना तोच कागद लागतो.