पिवळे झेंडे लागले!

आज ऑफिसमधून बँकॉकच्या सेन सेप कालव्याच्या बोटीने प्रतुनामला उतरले आणि पाहते तर खाण्याच्या गाड्यागाड्यांवर पिवळे झेंडे, त्यावर लाल अक्षरात 'เจ'. ('जे' असा उच्चार. एवढं थाई मला वाचता येतं, हसू नका.) म्हणजे चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातला 9 दिवसांचा शाकाहारी उत्सव सुरू झाला. मांस, मासे, अंडी बंद. शिवाय कांदा-लसूणही नाही!

बँकॉकमध्ये राहून 4 वर्षं मी प्रत्येक गाडीवर "माई साय नाम प्ला", म्हणजे फिश सॉस घालू नका, हा जप करत आलेय. मान डोलावून मावशी हमखास सुकी कोळंबी टाकतात. आज जपाची गरजच नव्हती. सोम तम मागितलं, तर कच्ची पपई, शेंगदाणे, लिंबू, मिरच्या खलबत्त्यात कुटून समोर. मिरची मात्र उपासाला चालते बरं का, नाकातून पाणी आलं.

आईला व्हिडिओ कॉल केला. तिच्याकडे घट बसलेत. इथेही सिलोमच्या मारिअम्मन देवळात नवरात्र आहेच, आणि दोन्ही बहुतेक वर्षी एकत्रच येतात. ती म्हणाली, "कांदा-लसूण नाही? अगं, मग आपलेच की ते!"

मी लगेच तोऱ्यात दुधाचा चहा मागवला. गाडीवाल्या मावशींनी झेंड्याकडे बोट दाखवलं. दूधही बंद.

9 दिवस कोरा चहा. आईला अजून सांगितलेलं नाही.