कॉन्स्टेबलचे एल्म पाहायला ईस्ट बर्गहोल्टला

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आधी वेळ ठरवून गेलं, की इंग्रज निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलची रेखाटनं टेबलावर अगदी समोर ठेवून पाहता येतात. तिथे पेन चालत नाही, टिपणंसुद्धा पेन्सिलीनेच घ्यायची. मला पाहायचं होतं ओल्ड हॉल पार्कमधल्या एल्म वृक्षांचं रेखाटन, तारीख २२ ऑक्टोबर १८१७. कागद जवळजवळ दोन फूट उंच. पेन्सिलीचं काम, त्यावर राखाडी-पांढऱ्या रंगाचा अगदी हलका हात. फांदी कुठून फुटली, पानोरा कुठे दाट, कुठे विरळ, हे सगळं त्याने त्या एकाच झाडाचं म्हणून पाहिलंय. कुठल्याही झाडाला चालेल अशी एकही रेघ मला सापडली नाही.

सुंदर झाड दिसलं की गोड मूल उचलून घ्यावं तसा तो हरखायचा, असं त्याचा चित्रकार मित्र लेस्ली याने लिहून ठेवलंय. त्या शरद ऋतूत कॉन्स्टेबल पत्नी मारियासह काही आठवडे आपल्या गावी, ईस्ट बर्गहोल्टला, राहिला होता. वडील आदल्या वर्षी गेले होते आणि डिसेंबरात पहिलं मूल जन्मणार होतं.

दुसऱ्या दिवशी लिव्हरपूल स्ट्रीटहून मॅनिंगट्रीची गाडी धरली. तासाभराचा प्रवास. पुढे स्टाउर नदीकाठची पायवाट, त्याच्या वडिलांची फ्लॅटफर्ड गिरणी आणि मग चढण चढून ईस्ट बर्गहोल्ट. इथल्या चर्चचा मनोरा अर्धवटच राहिला, त्यामुळे घंटा सोळाव्या शतकापासून आवारातल्या लाकडी पिंजऱ्यात, जमिनीलगत आहेत. चित्रातल्या पार्कचा ओल्ड हॉल, म्हणजे जुना वाडा, जवळच आहे. काही कुटुंबं तिथे एकत्र राहतात, शेती करतात. मी रस्त्यावरूनच पाहिलं.

चित्रातल्यासारखे उंच एल्म मात्र कुठेच नाहीत. १९६०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या रोगाने ब्रिटनमधले अडीच कोटींहून अधिक एल्म मेले. सालीतले भुंगेरे बुरशी पसरवतात, बुरशीमुळे झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद होतात आणि उभं झाड वाळतं. (आपला वावळ याच कुळातला.) फार वाईट वाटलं. पण मुळं पुरती मरत नाहीत. कुंपणात धुमारे फुटतात, डोक्याच्या वर जातात आणि साल जाड झाली की भुंगेरे पुन्हा येतात. खरखरीत, देठाशी तिरकं पान दिसलं की समजायचं, एल्म आहे. परतीच्या वाटेवर मी प्रत्येक कुंपणापाशी थांबून तेच शोधत होते.